सरांची घरभेट

हिमालयातल्या एखाद्या शिखरावर जायचं तर दिल्लीहून परवानगी आणावी लागते, हे आमच्या वसईत फार थोड्या लोकांना माहीत होतं. दिल्लीच्या आधी सरांची परवानगी लागते, हे ज्यांना माहीत होतं ते झाडून सगळे कधी ना कधी सरांवर चिडलेले होते. मीही त्यांतलीच. माझा राग तर वर्षभर टिकला, आणि खरं सांगायचं तर त्यातला चिमूटभर अजूनही शिल्लक असेल.

नव्वदच्या दशकात आमची गिर्यारोहणाची एक संस्था होती. संस्था म्हणजे काय, तर पंधरा-वीस पोरंपोरी, दोन दोर, एक ठिगळं लावलेला तंबू आणि सर ज्या शाळेत भूगोल शिकवायचे तिथला नकाशांचा वर्ग. तो वर्ग आम्हाला गुरुवारी संध्याकाळी मिळायचा. भिंतीवर हिंदुस्थानचा प्राकृतिक नकाशा टांगलेला असायचा आणि त्याच्या वरच्या टोकाचा तपकिरी रंग सरांच्या बोटांनी पुसट झालेला होता.

उंच शिखर म्हटलं की कागदांची माळ लागायची. मोहिमेच्या नेत्याचा ॲडव्हान्स कोर्स झालेला हवा, बाकीच्यांचा निदान बेसिक. आधी कुठली शिखरं केली, किती उंचीपर्यंत गेलात, त्याचा दाखला हवा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. शिखर सीमेजवळ असेल तर तिथल्या जिल्हाधिकाऱ्याचा वेगळा परवाना. ‘काही बरंवाईट झाल्यास आमची तक्रार नाही’ असं घरच्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं. आणि या सगळ्याच्या वर संस्थेचं शिफारसपत्र, ज्यात एक वाक्य असायचं: सदर व्यक्तीस पुरेसा अनुभव आहे. त्या वाक्याखाली सही करण्याचं काम सरांकडे होतं. इतर संस्थांमध्ये हे वाक्य टाइप करून तयारच असे, फक्त नाव भरायचं. आमच्याकडे त्या एका वाक्यासाठी लोक वर्ष वर्ष ताटकळले आहेत.

सर मूळचे जूचंद्रचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. घरची भाताची शेती, थोडंसं मिठागर. बुटके, काळेसावळे, पायांत कायम रबरी चपला, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि रुमालाच्या गाठीत घरच्या मिठागराचं जाडं मीठ. चढणीवर कोणाला घाम फुटला की गाठ सोडून दोन खडे हातावर ठेवायचे. ‘चाट,’ एवढंच म्हणायचे. शाळेत शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, पण मनातून काही आलं की जिभेवर गावची बोली यायची. पुस्तकात उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, हे शिकवताना ते म्हणत, ‘म्हंजे आमच्या घरापासून मोजतात. भरतीचं पानी आमच्या उंबऱ्याशी येतं.’ वर्गात हसू फुटे. सर हसत नसत. त्यांना ती साधी माहिती वाटायची.

अनुभव म्हणजे काय, याबद्दल सरांची आणि दिल्लीची मतं वेगळी होती. दिल्ली विचारायची, काय काय चढलात? सर विचारायचे, ‘परत कधी फिरलास?’

नवीन माणूस गड-किल्ल्यांची यादी धडाधडा म्हणून दाखवायचा. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी हा प्रश्न टाकायचे. माणूस गडबडायचा. ‘म्हणजे सर?’ ‘म्हणजे निघालास, वर पोचायचं थोडं राहिलं होतं, आणि तू म्हणालास नको, जाऊ या परत. असं कधी झालं?’ बहुतेकांचं झालेलं नसायचं. झालं असेल तरी ते सांगायला आवडत नसायचं. ‘मग तुझा अर्धाच अनुभव झाला,’ सर म्हणायचे, आणि विषय तिथेच बंद करून कपाटातून दोर काढायला उठायचे.

वसईतल्याच एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ आमच्यात आले होते. त्यांच्याकडे सगळं परदेशी सामान होतं. हा प्रश्न ऐकल्यावर पुढच्याच रविवारी ते कामणदुर्गावर गेले, माथा दिसायला लागल्यावर थांबले, सोबतच्यांना साक्षीला ठेवून परत आले, आणि गुरुवारी उजळ तोंडानं सांगायला हजर झाले. सरांनी विचारलं, ‘का फिरलात?’ ते म्हणाले, ‘तुमची अट होती म्हणून.’ सर म्हणाले, ‘मग तुम्ही परत फिरला नाहीत. तुम्ही ठरवलेल्या ठिकाणी पोचलात.’ आम्ही तोंडावर हात धरून हसलो. त्या गृहस्थांनी पुढे दुसऱ्या कुठल्याशा संस्थेकडून पत्र मिळवलं आणि त्या वर्षी शिखर चढूनही आले. पेढे घेऊन आले तेव्हा सरांनी एक पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाले, ‘हवा चांगली मिळाली तुम्हाला.’

याच्या उलट अर्नाळ्याचा जना. बोटीवर जाणारा तरणाबांड गडी, डोंगराशी संबंध फक्त सह्याद्रीचं टोक समुद्रातून दिसतं एवढाच. एकदा मित्राबरोबर नुसता बघायला म्हणून आला. सरांनी त्यालाही विचारलं. जना मान खाली घालून म्हणाला, ‘एकदा वादल वाटलं म्हनून अर्ध्यातनं बोट फिरवली. जालीपन टाकली नाय.’

‘मग?’

‘मग काय. दुसऱ्यांच्या बोटी गेल्या. वादल आलंच नाय. भरून म्हावरं घेऊन आले सगले. बापूस बोलला, तूच एकटा भ्यायलास.’

सरांचा चेहरा खुलला. असा खुललेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. ‘गाव हसलं?’

‘आजून हसतंय.’

‘आणि उद्या पुन्हा तसंच आभाळ दिसलं तर?’

जनानं क्षणभर विचार केला. ‘फिरवीन,’ तो म्हणाला.

सर आमच्याकडे वळले. वादळ खरोखर आलं आणि तुम्ही वाचलात, तर सगळे तुम्हाला शहाणं म्हणतात, ते म्हणाले. त्यात काही कठीण नाही. आपण परत फिरलो, बाकीचे पुढे गेले, त्यांचं भलं झालं, आपण येडे ठरलो, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा फिरायची तयारी आहे, हा अनुभव. जनाचा ना बेसिक झाला होता ना काही, म्हणून दिल्लीनं त्याला अर्थातच दारात उभं केलं नसतं. सरांनी त्याला आधी मनालीला कोर्सला धाडलं. पण स्वतःची सही त्यांनी मनातल्या मनात त्याच दिवशी केली होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसलं.

डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. ‘तुझा डॉक्टर तुझ्या वडिलांचा मित्र. तो तुला घोडा पण म्हणेल,’ असं म्हणून ते प्रमाणपत्र बाजूला ठेवायचे आणि एप्रिलच्या भर दुपारी उमेदवाराला तुंगारेश्वरच्या चढावर घेऊन जायचे. स्वतः मागून चालायचे आणि चढता चढता भूगोल विचारायचे. सिंधूच्या उपनद्या सांग. गंगेला डाव्या बाजूनं कोण मिळतं? माणूस धापा टाकत झेलम, चिनाब करायचा. जो फुललेल्या श्वासानं शेवटपर्यंत उत्तरं देत राहायचा तो नापास. ‘सर, दम लागला, जरा थांबू या, मग सांगते,’ असं जी म्हणेल ती पास. हे गुपित वसईभर फुटलं तेव्हा लोक पायथ्यालाच दम लागला म्हणू लागले. मग सरांनी ती परीक्षा सोडून दिली आणि घरभेट सुरू केली.

घरभेटीला ते न सांगता यायचे. चहा घ्यायचे नाहीत, पाणी घ्यायचे. वडिलांशी जुजबी बोलायचे. त्यांना बोलायचं असायचं आईशी. लग्न झालेल्याच्या घरी बायकोशी. विचारायचं एवढंच असायचं: हा आजारी पडला की काय करतो?

आम्ही गिरगावातल्या दोन खोल्या सोडून एव्हरशाईनमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. माझा बेसिक झाला होता, दोन लहान मोहिमा झाल्या होत्या, नोकरीत रजा मंजूर झाली होती. राहिली होती ती फक्त सरांची सही. आई खुशीत होती. तिनं कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर पेरली, आणि नको नको म्हणताना सरांच्या हातात बशी दिलीच. सरांनी प्रश्न विचारला.

‘आजारी?’ आई म्हणाली. ‘अहो, हिचं दुखणं आम्हाला कळतच नाही. दहावीचा पेपर फणफणत्या तापात देऊन आली, घरी आल्यावर मी कपाळाला हात लावला तेव्हा समजलं. दाढ दुखायची तर महिनाभर एका बाजूनं जेवली, पण हूं की चूं नाही. सगळं अंगावर काढते. पहिल्यापासून फार सोशिक हो.’

आपल्याकडे मुलीचं याहून मोठं कौतुक नसतं. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मलाही बरं वाटत होतं. सरांनी बशी खाली ठेवली. पोह्यांतला एकच घास गेला होता.

‘या वर्षी हिला नको,’ ते म्हणाले.

आईला वाटलं, पोह्यांत काही लागलं. मला मात्र लगेच कळलं आणि कानशिलं तापली. जिन्यात मी त्यांना गाठलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढला होता आणि वरच्या मजल्यावरचं दार उघडलं होतं. सर खालच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, ‘पाच हजार मीटरच्या वर प्रत्येकाचं डोकं दुखतं. जो सांगतो त्याला हात धरून खाली आणता येतं. जो अंगावर काढतो तो दुसऱ्या दिवशी चालू शकत नाही. मग त्याला चौघांनी उचलायचं, आणि त्या चौघांतला एखादा घसरायचा. तुझ्या आईनं तुझं कौतुक केलं. मला ते तसं ऐकता येत नाही.’

‘पण मी वर गेल्यावर सांगेन ना!’

‘घरात आईला सांगितलं नाहीस. वर परक्या माणसांना सांगशील?’

ते गेले. आई रात्रभर स्वतःला दोष देत राहिली. मी तिची समजूत काढायला हवी होती, पण मीच भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या वर्षी मोहीम गेली, शिखर झालं, सगळे रापलेल्या तोंडांनी परत आले. मी नकाशांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांच्या गोष्टी ऐकल्या. सर माझ्याशी नेहमीसारखंच वागत होते आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं. आमच्यात अशी समजूत होती की तरुणपणी त्यांचा कोणी जिवलग मित्र बर्फात गेला असणार, त्याशिवाय माणूस इतका कडक होत नाही. ‘सर, तुमच्या मोहिमेत कोण गेलं?’

‘कोणी नाही,’ ते म्हणाले. ‘का? कोणी मेल्याशिवाय अक्कल येऊच नये?’

मला सही मिळाली ती पुढच्या हिवाळ्यात. कड्यावर दोराचा सराव चालू होता. सकाळपासून माझं डोकं गरगरत होतं. खाली नवीन पोरं रांगेत उभी होती आणि मी त्यांना शिकवणार होते. मी दोराला हात लावला, काढला, आणि म्हणाले, ‘मला चक्कर येतेय. मी चढत नाही आज.’ एवढं बोलताना मला रडू आलं. चढताना कधी रडले नाही. सरांनी माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं आणि मला सावलीत बसवलं. पुढच्या गुरुवारी शिफारसपत्र तयार होतं. त्या मोहिमेत तिसऱ्या तळावर माझं डोकं दुखायला लागलं, मी सांगितलं, मला खाली पाठवलं, आणि शिखर बाकीच्यांनी केलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘वर गेलीस का गं?’ मी नाही म्हणाले. तिनं कपाळाला हात लावून पाहिला आणि तिला हायसं वाटलं.

सरांच्या स्वतःच्या डोंगराबद्दल आम्हाला तुटकच माहिती होती. नवीन नवीन मास्तर असताना त्यांनी दोन्ही कोर्स केले होते, एक शिखरही केलं होतं. पुढच्या वर्षीचं शिखरही ठरलं होतं, तोवर त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला. सर एकुलते एक. आई अंथरुणाला खिळली ती खूप वर्षं जगली. दर मे महिन्यात आमची तुकडी निघायची तेव्हा शाळेच्या मैदानात सर एकेकाची सॅक उपसून पाहायचे, मोजे किती, गॉगल दोन आहेत का, आणि स्वतःच्या हातानं परत भरून द्यायचे. आम्ही गेल्यावर ते रोज पेपरात उत्तरेकडचं हवामान वाचत. स्वतःचं जाणं थांबलं त्याबद्दल त्यांना कधी हळहळताना कोणी ऐकलं नाही. आपलं राहून गेलं, असं वाक्य त्यांच्या तोंडी नव्हतंच.

दोन हजार साल उलटून गेल्यावर केव्हातरी त्यांची आई गेली. दिवस-पाणी आटोपल्यावर सर पहिल्या गुरुवारी आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘या वर्षी माझं नाव घाला.’

तोवर माझा ॲडव्हान्स झाला होता आणि त्या वर्षीच्या मोहिमेची नेता मी होते. सर निवृत्तीला आले होते. कागदावर सगळं ठीक होतं: कोर्स होते, शिखर होतं, वयाची अट नव्हती. त्यांनी बूट चांभाराकडून नवे तळ लावून आणले होते. लोकरीचे मोजे काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विणून दिले, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मोजे या वर्षी विणलेले नव्हते, कधीचेच तयार होते, हेही सांगितलं. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही कळत होतं. जना तर म्हणाला, ‘पाठीव घेऊन जाईन, पन सरांना नेऊ.’

एक गोष्ट आम्ही पाहिली होती आणि पाहूनही तिचा अर्थ लावला नव्हता. तुंगारेश्वरच्या चढावर सर हल्ली झाडं दाखवायला थांबायचे. हा कुडा, हा ऐन, याची साल बघा. दर वळणावर एक झाड. आम्ही म्हणायचो, सर आता वनस्पतिशास्त्रातही शिरले.

स्वतःच्या पत्रावर स्वतः सही करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. ‘तू करायची,’ ते मला म्हणाले. ‘आणि घरभेटीशिवाय करायची नाही. नियम सगळ्यांना सारखा. रविवारी दुपारी ये, जेवायलाच ये.’ हे सांगताना ते इतके खुशीत होते की मला गंमत वाटली. मी सही करायचं ठरवूनच जूचंद्रला गेले. पत्र लिहून पिशवीत ठेवलं होतं, वर पेढ्यांचा पुडा.

त्यांचं घर गावाच्या कडेला, टेकडीवरच्या देवळाकडे पाठ करून. समोर पूर्वी मीठ पिकायचं तिथे डंपर माती ओतत होते. नायगावच्या बाजूनं इमारती सरकत येत होत्या. काकींनी तांदळाच्या भाकरी आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. त्या ठेंगण्या, नऊवारीतल्या, फार कमी बोलणाऱ्या. आम्ही इतकी वर्षं जात-येत होतो, पण त्यांचा आवाज मी ‘आजून घे’ यापलीकडे ऐकला नव्हता. घरात सर गावचीच बोली बोलत; मला-तुला याचं तिथे मना-तुना होई.

जेवण झालं. काकी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभ्या होत्या. सर पाटावरच बसून हात वाळवत होते. मी हसत म्हणाले, ‘काकी, नियम आहे म्हणून विचारते हां. सर आजारी पडले की काय करतात?’

सर माझ्याकडे पाहून मिस्कील हसले. काकी हसल्या नाहीत.

‘रातचे निजत नाय,’ त्या म्हणाल्या. ‘भितीला पाठ लावून बसून ऱ्हातान. आडवे झाले की दम कोंडतो. इचारलं तं बोलतान, गरम होतंय. थंडीच्या दिवसान पन गरम होतं? पायाला सूज येते. बोट दाबलं की खड्डा पडतो. गेल्या शिमग्यापासून हाय. कोनाला बोलायचं नाय, अशी शपथ घातली मना.’

‘गप बस!’ सर ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘तुना कोनी सांगितलं बोलायला?’

‘तिनं इचारलं,’ काकी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हात चौकटीवर घट्ट होता. ‘तुमी सगल्या वसईच्या आयांना इचारीत फिरलाव. पोरगा कसा हाय, पोरगी कशी हाय. मना कवा कोनी इचारलं? मी वाट बगत होते.’

बाहेर डंपरनं माती ओतली. ती सरसरत खाली गेली. पिशवी माझ्या मांडीवर होती. मला त्या माणसाला नाही म्हणायचं होतं, ज्यानं मला आयुष्यात सगळ्यांत महत्त्वाचं असं काही शिकवलं होतं, आणि ज्याचा हा एकच हट्ट होता. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत विनवणी होती. ती मी विसरू शकत नाही. वर्षानुवर्षं लोकांनी त्यांच्याकडे अशाच नजरेनं पाहिलं असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

‘या वर्षी तुम्हाला नको, सर,’ मी म्हणाले.

त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि मान हलवली. एकदाच. वर्गात एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिलं की हलवायचे तशी.

पुढचं सगळं रीतसर झालं. काकींनी आणि जनानं त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. हृदय कधीपासून कुरकुरत होतं. हा माणूस उंचीवर गेला असता तर पहिल्या आठवड्यातच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. औषधं सुरू झाली, मीठ बंद झालं, आणि त्यानंतर सर बरीच वर्षं जगले. मे महिन्यात आमची तुकडी निघाली तेव्हा ते मैदानात आले होते, पण सॅक उपसायला खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्ची आणून दिली. शिखर झालं. जना आणि आणखी दोघं माथ्यावर पोचले. मी नेता म्हणून खालच्या तळावर राहिले. त्याच वर्षी सरांनी सहीचं काम माझ्यावर सोपवलं. मी अजून घरभेटीला जाते आणि लोक माझ्यावरही चिडतात.

पण त्या रविवारचं माझं सांगणं अजून संपलेलं नाही. मी नाही म्हटल्यावर उठणार होते. असल्या वेळी परक्या माणसानं थांबू नये. पेढ्यांचा पुडा तसाच पिशवीत होता, तो काढावा की नाही तेही कळेना. तेवढ्यात सरांनी काकींकडे मान वळवली. राग ओसरला होता. ते त्यांच्याकडे असे बघत होते जणू त्या आत्ताच कुठून तरी आल्या आहेत. मग त्यांनी विचारलं,

‘आनि तुना? तुना काय होतं?’

काकींना आधी प्रश्न आपल्यालाच आहे हे कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं हात पुसले, भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर बसल्या, आणि गुडघ्यांपासून सांगायला सुरुवात केली.